लिंबू पिळलं की फसीखचं विष उतरतं म्हणे!

दादा कैरोत साइटवर असतो. सोमवारी ऑफिसमधल्या एकाच्या घरच्यांबरोबर शम्म अल-नसीमच्या, म्हणजे इजिप्तच्या वसंताच्या सणाच्या, पिकनिकला नाईलकाठी चाललाय. आईने त्याला काल एक फॉरवर्ड पाठवला, की तिथे फसीख, म्हणजे तिथला सणाचा खारवलेला मासा, बिनधास्त खा, पाच हजार वर्षांत कुणाला काही झालेलं नाही, मिठात जंतू जगत नाहीत आणि वर लिंबू-कांदा असला की उरलंसुरलं विषही मरतं. खाली आईची स्वतःची ओळ, "आपला खारा बांगडाच की रे, खाऊन बघ."

अगं आई, खारा बांगडा आपण तळतो! फसीख म्हणजे बोय मासा, आधी मुद्दाम थोडा कुजू देतात, मग कित्येक आठवडे मिठात मुरवतात आणि खातात तो कच्चा. मीठ आतपर्यंत नीट पोचलं नाही तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू आत, हवा नसते तिथे, आरामात विष तयार करतो. फसीख घमघमतो खरा, पण त्या विषाला ना वास ना चव, त्यामुळे हुंगून काही कळत नाही. चांगलं उकळलं तर ते विष जातं. लिंबाने नाही, कांद्याने तर नाहीच.

आणि म्हणे कुणाला काही झालं नाही! एप्रिल १९९१ मध्ये कैरोत फसीख खाऊन ९१ जण हॉस्पिटलात गेले, त्यातले १८ वारले. मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय हे. तिथलं आरोग्य खातं दरवर्षी सणाआधी खाऊ नका म्हणून ओरडतं ते काय उगाच?

फॉरवर्डमधलं बाकीचं तर काय बोलायचं. पिरॅमिडवर सूर्य बघून दिवस ठरतो म्हणे, अरे कॉप्टिक, म्हणजे तिथल्या ख्रिश्चनांच्या, ईस्टरनंतरचा सोमवार असतो तो, तारीख दरवर्षी हलते. फक्त ख्रिश्चनांचा सण हेही खोटं, सरकारी सुट्टी असते, मुसलमान-ख्रिश्चन सगळेच डबे घेऊन बागेत जातात.

बरं, खारवलेला मासा तिकडे फार जुना, हे मान्य. हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकारानेसुद्धा लिहिलंय. आणि कांदाही खराच, १८३० च्या दशकात लेन नावाच्या इंग्रजाने लोक त्या दिवशी सकाळी कांदा फोडून हुंगताना पाहिलेत. पण हुंगताना!

दादा, तू रंगवलेली अंडी खा, कांद्याची पात खा, फसीखला हात जोड. आणि आग्रहाला बळी पडलासच, तर नंतर एकाचे दोन दिसले, पापण्या मिटायला लागल्या, घास गिळता येईना, की झोप काढत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ आणि फसीख खाल्लाय हे पहिल्या वाक्यात सांग.