‘वाढदिवस कंपनीचा, वर्गणी कामगारांची?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या आठवड्यात मी आमच्या कंपनीच्या रौप्य महोत्सवाबद्दल लिहिलं होतं. पंचविसाव्या वर्धापन दिनाचं हॉटेलातलं जेवण आणि भेटवस्तू रद्द करून आम्ही सगळ्यांनी मिळून तीन संस्थांसाठी निधी जमवला, त्याची ती हकिगत. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘वाढदिवस कंपनीचा आणि वर्गणी कामगारांची, हा कुठला न्याय? सीएसआरचे 2 टक्के कंपनीने द्यायचे असतात, ते तुमच्या खिशातून काढले. वर टॅक्स वाचवला. बारा हजारांवर राबणाऱ्या कंत्राटी पोराकडून पैसे घेताना काही वाटलं नाही का? आणि वर्षभराने त्या संस्थांकडे कोण फिरकणार आहे?’

तुम्ही स्वतः 31 वर्षं कारखान्यात काढलीत, असंही त्यात आहे. म्हणून दोन ओळींत आभार मानून हा विषय मिटवणं मला बरोबर वाटलं नाही.

सीएसआरचं, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर करायच्या खर्चाचं, आधी सांगते, कारण तिथे तुमची माहिती अपुरी आहे. कंपनी कायद्याचं कलम 135 लागू झालं 1 एप्रिल 2014 पासून. नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतली एक जरी मर्यादा गाठली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करावे लागतात. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याला यातलं काहीच लागू होत नाही. आणि लागू असतं, तरी कामगाराने खिशातून दिलेला रुपया हा कंपनीचा खर्च होत नाही. मी अकाउंट्सला आहे. तो त्या 2 टक्क्यांत बसवायला कागदावर जागाच नसते. जून 2014 च्या परिपत्रकात तर सरकारने मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिराती, टीव्हीवरच्या कार्यक्रमांचं प्रायोजकत्व असे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरता येणार नाहीत, असं लिहूनच दिलं. तुमच्या मनात जी शंका आहे ती सरकारच्याही मनात होती, असं म्हणा हवं तर.

टॅक्सचं म्हणाल तर नव्या करप्रणालीत 80जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट मिळतच नाही, आणि 2023-24 पासून आपण वेगळं काही निवडलं नाही तर तीच प्रणाली लागू होते. आमच्याकडचे बरेचसे लोक तिच्यातच आहेत. त्यांनी दिलं ते दिलं, परत काही आलं नाही. जुन्या प्रणालीत जे थोडे आहेत त्यांच्यासाठी मी एका गोष्टीवर अडून बसले होते : कार्यालयातून दिलेला पैसा कंपनीच्या खात्यात यायचा नाही, ज्याने त्याने थेट संस्थेच्या नावाने चेक किंवा यूपीआय करायचं. एकत्र गोळा करून कंपनीच्या चेकने दिलं की पावती कंपनीच्या नावाने फाटते. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम 2011 पासून दर गणेशोत्सवात चालतो, त्यातही चेक संस्थेच्याच नावाने असतो. तीच पद्धत मी डोळ्यांसमोर ठेवली.

आता तुमचा पहिला प्रश्न, न्यायाचा. माझे वडील सरकारी नोकरीत होते. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. आदल्या रात्रीच्या विसर्जनाचा गुलाल अजून रस्त्यावर होता आणि रेडिओवर लातूर, उस्मानाबादची नावं येत होती. पुढच्या पगारात वडिलांचा एक दिवस कापलेला होता. त्यांना पैशाचं वाईट वाटलं नाही. ते आईला एवढंच म्हणाले, ‘विचारलं असतं तर दोन दिवसांचा दिला असता.’ पगारातून परस्पर कपात झाली की माणसाच्या हातून देण्याची क्रियाच काढून घेतली जाते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. म्हणून आमच्याकडे पगारपत्रकाला हात लावायचा नाही, हे पहिल्याच मीटिंगला ठरलं. शॉप फ्लोअरसाठी कॅन्टीनच्या दाराशी कुलूपबंद डबा होता. तो उघडून आम्ही तिघींनी पैसे मोजले तेव्हा निम्म्या नोटांना कटिंग ऑइलचा वास होता आणि कित्येक दहाच्या नोटा इतक्या बारीक घड्या घालून टाकलेल्या होत्या, की टाकताना शेजाऱ्याला आकडा दिसू नये. ते कोणी जबरदस्तीने टाकलेले पैसे नव्हते हो.

पण कंत्राटी पोराबद्दल तुम्ही जे लिहिलंत, तिथे मला उत्तर सापडलं नाही. कारण तिथे तुम्ही बरोबर आहात.

ठेकेदाराच्या मुलांकडे कोणी मागितलं नव्हतं, हे खरं. पण नोटीस बोर्डावर आम्ही देणगीदारांची यादी लावली होती. डब्यातल्या पैशांना नाव नव्हतं, बाकीच्यांची मात्र नावं आणि पुढे रक्कम, मोठ्या आकड्यापासून लहानाकडे. मागच्या लेखात मी त्या यादीचं ‘पारदर्शकता’ म्हणून कौतुक केलं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी डिस्पॅचमधल्या एका मुलाशी बोलले. तो म्हणाला, ‘मॅडम, मी 50 डब्यात टाकणार होतो. पण यादी बघितली आणि वाटलं, नाव नसलं तर साहेब म्हणतील याने दिलेच नाहीत. मग यूपीआयने 200 केले.’ मेसच्या पैशांतले दीडशे रुपये त्याने त्या यादीपायी जास्त घातले. यादी मी त्याच दिवशी काढली. हिशेब दाखवायचा तर एकूण जमा किती, कोणत्या संस्थेला किती गेले आणि पावती क्रमांक, एवढं पुरतं. हे मला आधी सुचायला हवं होतं. तुमच्यामुळे सुचलं, आणि मूळ लेखातला तो परिच्छेद मी आज बदलला आहे.

‘त्यापेक्षा पगार वाढवा’ असंही तुम्ही म्हणता. वाढवायलाच हवेत. 8.33 टक्के किमान बोनस हा कामगाराचा हक्क आहे आणि कुठल्याही वर्धापन दिनाच्या सत्कार्याने तो फिटत नाही. मालक निधीच्या कार्यक्रमाचं बोट दाखवून पगारवाढ टाळत असेल, तर मीच तो डबा ठेवू देणार नाही. आमच्याकडे तसं झालं नाही. जेवढे आम्ही जमवू तेवढेच कंपनी स्वतःचे घालेल, हे मालकांकडून आम्ही आधी लेखी घेतलं होतं, आणि त्यांनी ते पाळलं. एकूण रकमेत निम्मा वाटा कंपनीचा आहे, हे मी मागच्या वेळी एका ओळीत उरकलं, ती माझी चूक. माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख इथेच आहे. महिंद्रा समूहाने 2005 मध्ये साठी साजरी करताना करोत्तर नफ्याचा 1 टक्का सामाजिक कामाला द्यायचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी कर्मचाऱ्यांनी स्वतःचा वेळ देण्याची योजनाही सुरू केली. 2 टक्क्यांचा कायदा तेव्हा कुठेच नव्हता. कंपनीने आपली थैली उघडली की मग कामगाराला हाक मारायला तोंड राहतं.

फक्त पैशाचंच असतं, तर मालकांनी एक मोठा चेक लिहून सगळं उरकलं असतं. तसं का केलं नाही, ते सांगते.

तीनपैकी एक संस्था म्हणजे पेठ तालुक्यातलं मुलींचं वसतिगृह. 62 मुली. जानेवारीत आम्ही अकरा जण बघायला गेलो, त्यात मेंटेनन्सचे दोघं होते. जाताना आमच्या मनात वह्या-दप्तरं होती. तिथल्या ताईंनी काही न बोलता आम्हाला माळा दाखवला. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची नावं छापलेली दप्तरं गठ्ठे बांधून ठेवलेली, काही अजून प्लास्टिकमध्ये. मग त्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. बोअरचा पंप दिवाळीपासून बंद, मुली सकाळी शाळेआधी विहिरीवरून पाणी आणत होत्या. ‘पंपाला कुणी देत नाही, त्याच्यावर नाव कुठे घालणार?’ असं त्या म्हणाल्या. आमच्या मेंटेनन्सच्या दादांनी तिथेच बाही वर करून स्टार्टर उघडला. कपॅसिटर गेलेला आणि मोटरचं वाइंडिंग जळलेलं. पुढच्या रविवारी ते स्वतःच्या मोटारसायकलवरून सामान घेऊन गेले. रिवाइंडिंग आणि केबल धरून खर्च आला सुमारे 16 हजार. पाणी वर चढलं तेव्हा मुली बादल्या घेऊन नळाखाली गर्दी करत होत्या, आणि ताई सारखं ‘सांडू नका गं’ म्हणत होत्या.

मालकांच्या एका चेकने दप्तरांचा चौथा गठ्ठा त्या माळ्यावर गेला असता. बाकी पैशातून आम्ही दोन स्वयंपाकीण बाईंचा सहा महिन्यांचा पगार दिला. तिथे दिवसाला अठरा किलो तांदूळ शिजतो, आणि शिजवणाऱ्यांच्या पगाराला देणगी मिळत नाही, कारण देणाऱ्याला ‘प्रशासकीय खर्च’ हा शब्द आवडत नाही. या मुद्द्यावर मला एक स्वतंत्र लेख लिहायचा आहे.

वर्षभराने कोण फिरकणार? वर्ष अजून व्हायचंय, त्यामुळे आज जे आहे तेच सांगते. दरमहा 200 रुपये द्यायचं 41 जणांनी कबूल केलं होतं. चार महिन्यांनंतर 34 जण देताहेत. दोघांनी नोकरी सोडली, एकाच्या घरी आजारपण निघालं, बाकीच्यांना मी कारण विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. पंप चालू आहे. दादा महिन्यातून एकदा जाऊन येतात, आता त्यांची मुलगीही सोबत जाते.

शेवटी एक माझं काम आहे तुमच्याकडे. प्रतिक्रियेच्या तळाशी तुम्ही सहज लिहिलंय, की तुमच्या खात्यातला सहकारी अपघातात गेला तेव्हा कुठलाही बोर्ड न लावता तुम्ही मंडळींनी त्याच्या बायकोला दोन वर्षं दरमहा पैसे पोचवले. ही गोष्ट मला सविस्तर हवी आहे. आमच्याकडच्या एका ठेकेदाराच्या माणसाच्या घरी सध्या तशीच वेळ आली आहे, आणि मी यादी नको, डबा नको, एवढ्यापर्यंतच आले आहे. तुम्ही रक्कम कशी ठरवलीत? दर महिन्याला पैसे घेऊन कोण जायचं? आणि तिला अवघड वाटू नये म्हणून काय म्हणून द्यायचात?