स्टेंटवरच्या त्या मेसेजमध्ये खरं किती?

एक मेसेज जोरात फिरतोय: स्टेंट (हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनीत बसवायची बारीक जाळीदार नळी) म्हणजे निव्वळ लूट, त्याने आयुष्य वाढत नाही, हृदयविकाराचा झटका आला तरी बसवू देऊ नका, काढ्याने ब्लॉकेज विरघळतो, धातू आत गंजतो, आणि बसवलाच असेल तर पुढे गोळ्या कशाला? यातलं एकच वाक्य अर्धंमुर्धं खरं आहे, आणि त्याच्या आडून बाकीचं गळी उतरवलं जातंय.

‘आयुष्य वाढत नाही.’ जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, अशा स्थिर दुखण्यात हे बरंचसं खरं आहे. २००७ च्या ‘करेज’ चाचणीत २,२८७ रुग्ण होते. औषधांच्या जोडीला स्टेंट बसवूनही मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. कारण स्टेंट एक अरुंद जागा मोकळी करतो. झटका मात्र अनेकदा धमनीत दुसरीकडे साचलेल्या चरबीच्या लहानशा थराचं आवरण फाटून, तिथे गुठळी होऊन येतो. तो धोका स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), आटोक्यातला रक्तदाब आणि तंबाखू सोडणं यांनी कमी होतो. पण दुखण्याचं काय? २०२३ च्या ‘ऑर्बिटा-२’ चाचणीत काहींवर फक्त प्रक्रियेचा देखावा केला होता, रुग्णांना कल्पना नव्हती. तरीही स्टेंट बसवलेल्यांचं दुखणं कमी झालं. तेव्हा ‘आधी औषधांनी भागेल का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. मात्र डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असेल तर हा हिशेब लागू नाही. असे रुग्ण ‘करेज’मध्ये घेतलेच नव्हते.

‘झटक्यातही नको.’ हे वाचून कुणी घरी थांबलं तर जीव जाईल. मोठ्या झटक्यात धमनी पूर्ण बंद होते, हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो. अशा वेळी धमनीत छोटा फुगा फुगवून वाट उघडून स्टेंट बसवणं जीव वाचवतं. रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत धमनी उघडावी, असं उद्दिष्ट असतं. ती सोय वेळेत मिळणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. काढ्याने हे होत नाही.

गंजाचं म्हणाल, तर हल्लीचे बहुतेक स्टेंट कोबाल्ट-क्रोमियमसारख्या मिश्रधातूंचे असतात. ते गंजत नाहीत.

‘गोळ्या कशाला?’ नव्या जाळीवर पेशींचं अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी होऊ शकते, आणि तोही झटकाच. म्हणून गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या, ठरवून बसवलेल्या स्टेंटनंतर साधारण ६ महिने, झटक्यानंतर १२. रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर हा काळ कमी करतात. पुढेही बहुधा एक गोळी राहते. दात काढायचा असला तरी ती परस्पर बंद करू नका, आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.