बॉम जीझसला तिचा गिलावा परत द्या

जुन्या गोव्यातली बॉम जीझस बॅसिलिका, म्हणजे तिथलं मोठं चर्च, लोकांना लाल म्हणूनच ठाऊक आहे. कॅलेंडरवर, टूरच्या जाहिरातीत, प्री-वेडिंगच्या फोटोंत तीच लाल भिंत, आणि खाली 'अस्सल पोर्तुगीज वास्तू' असं काहीतरी लिहिलेलं. मला ते वाचून दरवेळी त्रास होतो. बॅसिलिकेचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये ती प्रार्थनेसाठी खुली झाली, आणि त्यानंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षं तिच्या बाहेरच्या भिंती चुन्याच्या गिलाव्याखाली सुरक्षित होत्या. तो गिलावा पावसाने गेलेला नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांनी तो ठरवून काढला, आणि आतला लाल जांभा उघडा पडला. तो परत लावला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पोस्ट लांब होणार आहे, पण वेळ काढून वाचा.

गिलावा काढायचा निर्णय बाल्ताझार कॅस्ट्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाचा. तो लिस्बनहून आला होता. पोर्तुगालमध्ये १९२९ साली राष्ट्रीय इमारती आणि स्मारकांसाठी एक महासंचालनालय स्थापन झालं, त्यातला हा वरिष्ठ माणूस. या खात्याने त्या काळात पोर्तुगालभर किल्ले, कॅथेड्रल, मठ दुरुस्त केले. काम प्रचंड झालं, अनेक पडायला आलेल्या वास्तू वाचल्या, हे मान्यच करायला हवं. पण त्या कामामागे एक ठाम कल्पना होती: इमारतीचं मूळ, मध्ययुगीन रूप तेवढं खरं, नंतरच्या शतकांनी चढवलेले गिलावे, भरगच्च नक्षीच्या बरोक शैलीतल्या वेद्या, अझुलेजो म्हणजे रंगीत चकचकीत फरशा, लागून बांधलेल्या खोल्या ही सगळी भेसळ. ती काढून टाकली की आतून देशाचा शुद्ध भूतकाळ बाहेर येईल. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला असा भूतकाळ हवाच होता. १९४० मध्ये राष्ट्रस्थापनेची आठशे वर्षं आणि स्पेनपासून सुटकेची तीनशे वर्षं असा जोड सोहळा त्यांनी मोठ्या थाटात केला, आणि त्यासाठी स्मारकं कशी दिसावीत ते आधीच ठरलं होतं.

लिस्बनच्या टेकडीवरचा साओ जॉर्ज किल्ला हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. १७५५ च्या भूकंपाने त्याची पडझड झाली होती, आत लष्करी बराकी उभ्या होत्या. १९३८ ते १९४० या दोन वर्षांत बराकी पाडल्या, तट आणि बुरूज पुन्हा उभे केले, वर चऱ्या बसवल्या. मी तिथे गेले तेव्हा तटावरून चालताना त्या चऱ्यांकडेच बघत राहिले. सगळ्या एका उंचीच्या, कडा नीट. राजगडाच्या किंवा विजयदुर्गाच्या तटावर वावरलेल्या माणसाला हे लगेच खटकतं. उत्तरेत गिमारायन्श गावी ब्रागांझा ड्यूकांचा पंधराव्या शतकातला वाडा आहे. त्याचं काम १९३७ ला सुरू होऊन १९५९ पर्यंत चाललं. आज त्याच्या छपरावर विटांच्या उंच धुराड्यांची रांग दिसते आणि पर्यटक तिचेच फोटो काढतात. त्या वाड्याचं आजचं रूप विसाव्या शतकातल्या वास्तुविशारदाच्या कल्पनेतून आलेलं आहे, यावर पोर्तुगीज अभ्यासकांनी स्वतःच भरपूर टीका केली आहे.

तर ही सगळी विचारसरणी घेऊन कॅस्ट्रो गोव्यात आला. वेळही लक्षात घ्या. १९५१ मध्ये पोर्तुगालने घटनादुरुस्ती करून आपल्या वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली, कारण स्वतंत्र भारत गोवा मागत होता. १९५२ मध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षं होत होती, त्याचं शव याच बॅसिलिकेत आहे, शवप्रदर्शनाचा मोठा सोहळा होता, जगाचं लक्ष जुन्या गोव्याकडे लागणार होतं. पोर्तुगालची इथली मुळं किती जुनी आहेत ते डोळ्यांना दिसावं, अशी सरकारची गरज होती. उघडा दगड जुना दिसतो. म्हणून गिलावा गेला.

आता यात मला सगळ्यात जास्त सलतं ते हे की पोर्तुगीज बांधकामाची रीतच याच्या उलट आहे. पोर्तुगालच्या दक्षिणेत, आलेंतेजूत फिरलं तर गावंच्या गावं चुन्याने पांढरी असतात. भिंत साधी, गिलावा केलेली, वर चुन्याचा हात. घडीव दगड दिसतो तो फक्त कोपऱ्यांना, दारंखिडक्यांच्या चौकटींना आणि कंगोऱ्यांना. पांढऱ्या सपाट भिंतीवर दगडाची गडद रेघ, हेच त्या वास्तुकलेचं सौंदर्य. बॉम जीझसच्या समोर रस्ता ओलांडला की सी कॅथेड्रल आहे, जवळच सेंट कॅजेटन आहे, बार्देशात रेईश मागुशचं चर्च आहे. सगळ्या पांढऱ्या. म्हणजे ज्या एका इमारतीला आपण 'अस्सल पोर्तुगीज' म्हणून मिरवतो, तीच आज जुन्या गोव्यात सगळ्यात वेगळी पडली आहे.

बॉम जीझसच्या दर्शनी भागावर जे काळ्या दगडाचं कोरीव काम आहे, खांब, चौकटी, वर जेजुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचं चिन्ह, तो बेसाल्ट वसईहून आणलेला. गोव्यात जांभा मुबलक, पण बारीक कोरीव कामाला तो चालत नाही. म्हणून उत्तर कोकणातला काळा दगड समुद्रमार्गे खाली आला. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत. हा दगड इतक्या लांबून आणला तो पाठीमागच्या फिक्या भिंतीवर उठून दिसावा म्हणून, असं मला वाटतं. लाल जांभ्यात तो आज हरवल्यासारखा दिसतो. वसईकरांनी पुढच्या वेळी जाल तेव्हा तो जवळून बघा, आपल्याकडचा आहे.

दिसण्यापेक्षा मोठी गोष्ट पावसाची. मी सिंधुदुर्गातली. चिरेखाणीतून काढलेला चिरा, म्हणजे जांभ्याचा ठोकळा, ताजा असताना कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की कडक होतो, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण जांभ्याला भोकं असतात, तो पाणी पितो. म्हणून तर पावसाच्या बाजूला मृगाआधी नारळीचे झाप बांधायचे, आता निळं प्लॅस्टिक बांधतात. उघड्या चिऱ्याची घरं आज फॅशनमध्ये आहेत, ती टिकतात कारण छप्पर दोन-तीन फूट पुढे आलेलं असतं. बॉम जीझसच्या भिंती उंच आणि सरळ आहेत, छप्पर पुढे आलेलं नाही, आणि गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मी उत्तरेकडच्या बाजूला, १८६२ मध्ये भिंतीला आधार म्हणून बांधलेल्या त्या मोठ्या टेकूंजवळ उभी राहून भिंत हाताने चाचपली आहे. पावसाळा नुकताच संपला होता. सांध्यांतून नेच्याची रोपं आलेली, शेवाळ वाळून काळं पडलेलं, आणि बोटांना लाल रवाळ पूड लागली. दगड झिजतोय, सावकाश पण झिजतोय. आतमध्ये झेवियरची १६३७ च्या सुमाराची चांदीची पेटी आहे, तिच्याखाली तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला फोज्जिनीचा संगमरवरी चौथरा आहे. भिंतीत मुरलेलं पाणी बाहेरच थांबत नाही.

बॅसिलिकेच्या प्रमुखांनी काही वर्षांपूर्वी हीच मागणी जाहीरपणे केली होती. तेव्हा बरीच चर्चा झाली आणि मग विषय मागे पडला.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी समजून घेतलं आहे. पहिलं: सत्तर वर्षं ती लाल आहे, आता तोही इतिहासच झाला. १९६४ ची व्हेनिस सनद, म्हणजे स्मारकांच्या जतनाचे आंतरराष्ट्रीय नियम, म्हणते की वास्तूवर प्रत्येक काळाने केलेल्या भरीचा मान राखावा. बरोबर, पण इथे भर घातलेलीच नाही, जे होतं ते काढलेलं आहे, आणि त्यामुळे वास्तूचं नुकसान चालू आहे. तीच सनद म्हणते की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबावी. इथे अंदाजाने चालायची गरज नाही; गिलाव्यासकटची जुनी छायाचित्रं आहेत. दर्शनी भागावर गिलावा किती होता आणि तिथे काय करावं, हे तज्ज्ञांनी पुरावे बघून ठरवावं. बाजूच्या आणि मागच्या भिंतींसाठी थांबायचं काही कारण नाही.

दुसरं: पर्यटकांना लाल आवडते. याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की हे देवाचं घर आहे, फेस्ताला (संताच्या वार्षिक उत्सवाला) आणि शवप्रदर्शनाला लाखो माणसं तिथे श्रद्धेने येतात, आणि फोटोसाठी भिंत झिजू देणं मला पटत नाही.

तिसरा मुद्दा मात्र खरा आहे: सत्तर पावसाळे खाल्लेल्या जांभ्यावर गिलावा धरेल का, आणि आत मुरलेलं पाणी कोंडलं तर? म्हणूनच सिमेंटचा विचारही नको. सिमेंट पाणी आत अडकवतं आणि मग दगडाचे पापुद्रे सुटतात. चुना श्वास घेतो, आतली ओल बाहेर जाऊ देतो, दगडाऐवजी स्वतः झिजतो, आणि दर काही वर्षांनी त्यावर नवा हात मारता येतो. नीट मुरवलेला, चुन्याच्या घाण्यात दगडी चाकाखाली मळलेला चुना हवा, आणि तो हाताळणारे गवंडी हवेत. असे कारागीर फार उरलेले नाहीत, त्यामुळे उशीर परवडणारा नाही.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्तरेकडच्या भिंतीचा एक गाळा, म्हणजे दोन टेकूंमधला भाग, निवडावा, तो कोरडा करून, सांधे भरून, त्यावर चुन्याचा गिलावा करावा आणि दोन पावसाळे भिंतीतल्या ओलीची मोजमापं घ्यावीत. शेजारचा गाळा तुलनेसाठी उघडाच ठेवावा. ते आकडे लोकांसमोर मांडावेत. माझं चुकत असेल तर त्यातून दिसेलच.

आणि गोव्यातल्या, सावंतवाडी-वेंगुर्ल्यातल्या मित्रांना एक विनंती. तुमच्या घरच्या अल्बममध्ये १९५० च्या आधीचे जुन्या गोव्याचे फोटो असण्याची शक्यता बरीच आहे. आजी-आजोबा फेस्ताला जायचे, तिथे फोटो काढायचे. मागे बॅसिलिकेची भिंत दिसत असेल, मग ती कितीही पुसट असो, तर तो फोटो स्कॅन करून इथे टाका, साल आणि कोणत्या बाजूने काढला तेवढं लिहा. बाजूच्या आणि मागच्या भिंतींचे असतील तर आधी ते टाका.