‘लाखांत पगार, मग नाराजी कसली?’ बोटीवरच्या नोकरीबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा आशय असा: मर्चंट नेव्हीत लाखांत पगार, टॅक्स शून्य, वर्षातून सहा महिने सुट्टी. एवढं मिळूनही बोटीवरचे लोक कुरकुरतात, तो निव्वळ नखरा. आणि शिपिंग कंपनीचा नफा मालवाहतुकीच्या दरावर ठरतो, खलाशांच्या समाधानावर नाही. तळेगावजवळ इंदुरीला आणि लोणी काळभोरला सागरी प्रशिक्षणाच्या संस्था आहेत, त्यामुळे असं वाचून मुलाचं भवितव्य ठरवणारी घरं आपल्याकडे बरीच आहेत.

पगार चांगला असतो, हे खरंच आहे. पण बहुतेकांची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर असते आणि साइन ऑफ झाल्यावरची, म्हणजे बोटीवरून उतरल्यानंतरची ‘सुट्टी’ अनेकदा बिनपगारी असते. टॅक्सचं गणित दिवसांवर चालतं. वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहिलात, तर तुम्ही इथले रहिवासी ठरता. पुढचं जॉइनिंग लांबलं की पगारही नाही आणि सवलतही गेली.

‘नखरा’ या शब्दाचा मात्र मला राग येतो. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार खलाशाला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. म्हणजे विश्रांतीचा हा हिशेब धरला तर आठवड्याला ९१ तास काम नियमात बसतं! तेवढंही पाळलं जात नाही. विश्रांतीच्या नोंदी कागदावर ‘जुळवून’ घेतल्या जातात, हे स्वीडनमधल्या माल्मोच्या जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० च्या अहवालात मांडलं आहे.

याचा परिणाम काय होतो? एप्रिल २०१० मध्ये ‘शेन नेंग १’ हे कोळशाचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर चढलं. वॉचवर (जहाज चालवण्याच्या पाळीवर) असलेल्या चीफ मेटला, म्हणजे कॅप्टनखालच्या अधिकाऱ्याला, आधीच्या साडेअडतीस तासांत जेमतेम अडीच तास झोप मिळाली होती, असं तपासात निघालं. पगार दुप्पट केला असता तरी त्याची झोप भरून निघाली नसती. कोविडच्या काळात जगभरात सुमारे ४ लाख खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपूनही बोटीवर अडकले होते. त्याच काळात, जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ हे जहाज मॉरिशसच्या किनाऱ्यावर आदळलं आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. मोबाइलची रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ नेलं होतं, असं तपासात आढळलं. ती चूकच होती. पण घरच्यांचा आवाज ऐकण्यासाठी जहाजाचा मार्ग बदलावासा वाटतो, त्या माणसाच्या मनाची अवस्था नखऱ्यात कशी मोजायची?

आता नफा. इथे मेसेजमध्ये तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. २०२२ मध्ये मर्स्क या डेन्मार्कच्या शिपिंग कंपनीने सुमारे २९ अब्ज डॉलर नफा कमावला, तो भाडेदर गगनाला भिडल्यामुळे. ‘माणसं खूश ठेवा, नफा आपोआप वाढेल’ हे सांगणारेही अतिशयोक्ती करतात. नोकरीतलं समाधान आणि कामगिरी यांचा संबंध २००१ च्या एका मोठ्या संशोधन-आढाव्यात ०.३० च्या आसपास निघाला (१ म्हणजे पूर्ण संबंध), म्हणजे मध्यम.

पण दर चढले-उतरले की सगळ्याच कंपन्यांना त्याचा फायदा-तोटा होतो. त्याच दरात एक कंपनी तरते, दुसरी बुडते, ते बरंचसं बोटीवर ठरतं. इंजिन बंद पडून जहाज ऑफ-हायर झालं, म्हणजे भाडेकरूच्या कामाचं राहिलं नाही, की भाडं थांबतं. बंदरात तपासणीत अडकलं की दिवस वाया जातात. तेलवाहू जहाजांच्या तपासणीची ‘सायर २.०’ पद्धत सप्टेंबर २०२४ मध्ये लागू झाली. ती यंत्रांबरोबर माणसांचं वागणं आणि तयारीही पाहते. शिवाय अनुभवी अधिकारी दुसऱ्या कंपनीत गेला, तर त्याच्या जागी नवा कुठून आणणार? २०२६ पर्यंत जगाला आणखी ८९,५१० अधिकारी लागतील, असा अंदाज २०२१ मध्येच जहाजमालकांच्या संघटनांनी वर्तवला होता.

म्हणून पगाराच्या आकड्यापलीकडेही चौकशी करा. रिलीव्हर, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर जागा घेणारा माणूस, वेळेवर येतो का? घरी बोलायला इंटरनेट मिळतं का, आणि त्याचे पैसे कापतात का? मागच्या वेळचे किती जण त्याच कंपनीत परत गेले? आणि नोकरी लावून देण्यासाठी एजंट पैसे मागत असेल, तर तिथून सरळ उठा. खलाशाकडून असे पैसे घ्यायला सागरी श्रम करारात मनाई आहे, आणि भरती करणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो.