क्षार ओळखण्याची बिनकष्टाची रीत

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत कागदाच्या पुडीतून चिमूटभर क्षार हाती आला, की त्यातला धातूचा आयन शोधण्यासाठी लगेच परीक्षानळी उचलण्याचा उतावीळपणा आपण करू नये. आधी उत्तर ठरवावे आणि मग त्याला शोभतील अशी निरीक्षणे लिहावीत. याच्या उलट क्रमाने जाणाऱ्यांचा वेळ वाया जातो, आणि हाताला अमोनियाचा वास येतो तो वेगळाच.

रंगीत क्षार मिळाला तर आपण भाग्यवान. निळा म्हणजे तांबे, हिरवा म्हणजे निकेल किंवा फेरस लोह, फिकट गुलाबी म्हणजे मँगनीज, विषय संपला. पांढऱ्या क्षारात मात्र शिसे, जस्त, ॲल्युमिनिअम, बेरिअम, कॅल्शिअम यांपैकी कोणीही दडलेले असू शकते. अशा वेळी, वर्षभर ज्यांच्याशी आपण धड दोन शब्द बोललो नाही, त्या प्रयोगशाळेतल्या मामांच्या प्रकृतीची आस्थेने चौकशी करावी. पुड्या त्यांनीच बांधलेल्या असतात.

गटवार पृथक्करणाच्या, म्हणजे ठरावीक रसायने क्रमाने घालून धातूंचे आयन एकेका गटाने वेगळे काढण्याच्या, नादी तर लागूच नये. १८४१ साली फ्रेझेनियस नावाच्या जर्मन रसायनज्ञाने ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली, तेव्हा ते स्वतः विद्यार्थीच होते; त्यांना बहुधा क्लासला जायची घाई नसावी. त्यांच्या वाटेने गेल्यास तिसऱ्या गटासाठी हायड्रोजन सल्फाइड उकळून घालवावा लागतो, त्या वायूने फेरस अवस्थेत आणलेले लोह नायट्रिक आम्लाने पुन्हा फेरिक करावे लागते, आणि अमोनिअम हायड्रॉक्साइडच्या आधी आठवणीने अमोनिअम क्लोराइड टाकावे लागते. ते न टाकल्यास हायड्रॉक्साइड आयनांची संहती वाढते आणि मॅग्नेशिअमसुद्धा आपला सहावा गट सोडून तिसऱ्यात येऊन बसते. बसू द्यावे. जर्नलमध्ये त्याला कुठे बसवायचे, ते शेवटी आपल्याच हाती आहे.

जस्त आणि ॲल्युमिनिअम यांच्या बाबतीत काही जण उगाच बारकाई करतात. सोडिअम हायड्रॉक्साइडचे थेंब सोडले की दोन्ही द्रावणांत पांढरा चिकट अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, येतो आणि ते जास्त घातले की दोन्हींकडचा अवक्षेप विरघळतो, इथपर्यंत आपले नशीब बलवत्तर असते. मग कोणीतरी अमोनिया आणतो, जस्ताचा अवक्षेप जास्त अमोनियात दिसेनासा होतो, ॲल्युमिनिअमचा मात्र तसाच तरंगत राहतो आणि नाणेफेक करून ठरवलेले उत्तर अडचणीत येते. म्हणून अमोनियाची बाटली शेजारच्या टेबलावरच राहू द्यावी.

शिशाच्या कसोटीपासून तर विशेष सावध राहावे. पोटॅशिअम आयोडाइड टाकताच पिवळाधमक अवक्षेप येतो. पाणी घालून तो उकळला की विरघळून द्रावण बिनरंगी होते, आणि नळी थंड होऊ लागली की त्यातून सोनेरी पापुद्रे चमचमत खाली उतरू लागतात. हे पाहत उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा बराच वेळ जातो आणि त्याबद्दल एकही जादा गुण मिळत नाही. क्वचित कोणाला रसायनशास्त्र आवडू लागण्याचाही धोका असतो, आणि प्रवेश परीक्षा तोंडावर असताना हे परवडणारे नाही.

ज्योत परीक्षा, म्हणजे तारेच्या टोकावर क्षार घेऊन ज्योतीला येणारा रंग पाहणे, मात्र बिनधास्त लिहावी. कॅल्शिअमसाठी विटकरी लाल, बेरिअमसाठी सफरचंदी हिरवा, हे सर्वांना पाठ असते. खरोखर करून पाहिल्यास बोटांच्या घामातले सोडिअम तारेला लागून सगळी ज्योत पिवळी होते आणि मनाला नसती शंका चाटून जाते.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी एखादी पायरी का केली असे विचारल्यास ‘सर, प्रोसिजर आहे’ असे नम्रपणे सांगावे. एक दक्षता तेवढी घ्यावी. पान भरून निरीक्षणे लिहिलेल्या विद्यार्थ्याच्या सगळ्या परीक्षानळ्या कोरड्या ठणठणीत असतील तर ते सरांच्या डोळ्यांवर येते; तेव्हा उठण्यापूर्वी चार-पाच नळ्या नळाखाली ओल्या करून स्टँडवर उलट्या लावून ठेवाव्यात.