"दोन दिवस आमच्या ताब्यात द्या" म्हणणाऱ्यांसाठी

पुलवामा झालं तेव्हा, पहलगाम झालं तेव्हा, आणि मध्ये कुठेही काही झालं की कमेंट्समध्ये हे येतंच, पकडलेल्याला दोन दिवस आमच्या ताब्यात द्या, सगळं ओकतो की नाही बघा. लिहिणाऱ्यांचा राग खरा असतो, माझाही असतो. मी वेस्टर्न लाइनवर वाढले. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी साधारण अकरा मिनिटांत सात लोकलमध्ये स्फोट झाले, माहीम, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड, ही आमची रोजची स्टेशनं, १८० च्या वर माणसं गेली. तेव्हा मला अतिरेक्यांचा पुळका आहे असं कृपया कोणी म्हणू नका. मला तो माणूस सापडायला हवाय, ज्याने खरंच तो बॉम्ब ठेवला तो. आणि त्याच कारणासाठी मी थर्ड डिग्रीच्या विरोधात आहे. मानवाधिकाराचा मुद्दा माझ्यासाठी मोठाच आहे पण आज तो बाजूला ठेवते, आज फक्त एवढंच बघू की मारून, झोपू न देऊन, पाण्यात गुदमरवून उपयोगाची माहिती मिळते का.

लोक हमखास लादेनचं उदाहरण देतात. सीआयएने वॉटरबोर्डिंग केलं म्हणून लादेन सापडला असं खूप जणांना अगदी मनापासून वाटतं. वॉटरबोर्डिंग म्हणजे माणसाला फळीला बांधायचं, तोंडावर फडकं टाकायचं आणि वरून पाणी ओतायचं, बुडून मरतोय असं वाटतं. ९/११ चा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद याच्यावर एकट्या मार्च २००३ मध्ये हे १८३ वेळा केलं, अल-कायदाशी संबंध असल्याच्या संशयावरून पकडलेल्या अबू झुबैदावर त्याच्या आधीच्या वर्षी ८३ वेळा. लादेन मेला मे २०११ मध्ये, म्हणजे मध्ये आठ वर्षं गेली.

तो सापडला कसा तर त्याच्या कुरिअरमुळे, त्याचे निरोप नेणारा अबू अहमद अल-कुवैती. अमेरिकन सिनेटच्या इंटेलिजन्स कमिटीने सीआयएचीच लाखो कागदपत्रं चाळून डिसेंबर २०१४ मध्ये रिपोर्टचा सारांश बाहेर काढला, त्यात हा सगळा प्रवास आहे. कुवैतीबद्दलची सगळ्यात कामाची माहिती दिली अल-कायदाच्या हसन गुल नावाच्या माणसाने. हा जानेवारी २००४ मध्ये इराकच्या कुर्द भागात पकडला गेला आणि पकडल्या पकडल्या पोपटासारखा बोलायला लागला, कोणी हात न लावता. कुवैती लादेनच्या अगदी जवळचा आहे, लादेन पाकिस्तानात एखाद्या घरात फार पहारा न ठेवता राहत असेल, हे त्याने तेव्हाच सांगून टाकलं. त्यानंतर त्याला सीआयएच्या गुप्त तुरुंगात नेऊन ५९ तास उभं ठेवून झोपू दिलं नाही, त्याला भास व्हायला लागले, आणि रिपोर्टप्रमाणे त्यातून नवीन कामाचं काहीच निघालं नाही.

आणि १८३ वेळा पाण्याखाली गेलेला खालिद? तो म्हणाला कुवैती आता रिटायर झालाय, त्याचं काही महत्त्व नाही. चक्क खोटं. इतका छळ सोसूनही नेमकं ते एक नाव त्याने वाचवलं. सीआयएचं म्हणणं असं की तो खोटं बोलला म्हणूनच आम्हाला कळलं की कुवैती मोठा मासा आहे. मी यावर बराच विचार केलाय कारण त्यांच्या बाजूचा हा सगळ्यात दमदार मुद्दा आहे. पण तो खोटं बोलतोय हे कळलं कशावरून? दुसरीकडून खरं आधीच हातात होतं म्हणून. नसतं तर रिटायर झाला म्हणून फाइल बंद झाली असती. याच खालिदने मोंटानामध्ये कृष्णवर्णीय मुस्लिमांना भरती करायचा प्लॅन होता असंही सांगितलं होतं, नंतर कबूल केलं की ते मी रचून सांगितलं, त्रास थांबावा म्हणून. मधल्या काळात खरी माणसं त्या खोट्या मागावर फिरत होती.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते इब्न अल-शेख अल-लिबीचं प्रकरण. २००१ च्या शेवटी हा पकडला गेला, एफबीआयचे लोक त्याच्याशी नीट बोलत होते आणि तोही बोलत होता. तेवढ्यात सीआयएने त्याला उचलून इजिप्तला पाठवलं. तिथे त्याला लहानशा पेटीत कोंडलं, मारलं, आणि इराक आणि अल-कायदाचा संबंध काय हे विचारत राहिले. विचारणाऱ्याला काय ऐकायचंय ते त्याच्या प्रश्नावरूनच कळतं. तो म्हणाला हो, इराकने अल-कायदाच्या लोकांना रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं ट्रेनिंग दिलं. ५ फेब्रुवारी २००३ ला कॉलिन पॉवेल यांनी युनोत हेच त्याचं नाव न घेता जगासमोर पुरावा म्हणून मांडलं आणि पुढच्याच महिन्यात इराक युद्ध सुरू झालं. २००४ मध्ये अल-लिबीने सगळं मागे घेतलं. तोवर बगदाद पडलं होतं. त्या युद्धात किती लोक मेले आणि त्यातून पुढे आयसिस कशी उभी राहिली हे वेगळं सांगायला नको.

हे तंत्र आलं कुठून तेही बघा. सीआयएला हे आखून देणाऱ्या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्याआधी आयुष्यात एकाही खऱ्या कैद्याची चौकशी केली नव्हती. ते अमेरिकन सैनिकांना शत्रूच्या हाती पडल्यास टिकून कसं राहायचं ते शिकवणाऱ्या कार्यक्रमातले होते, आणि त्या कार्यक्रमात कोरियन युद्धात चिनी लोकांनी अमेरिकन कैद्यांवर वापरलेल्या पद्धती दाखवायचे. त्या पद्धती कशासाठी होत्या? खोटे कबुलीजबाब काढण्यासाठी! आम्ही जंतूबॉम्ब टाकले असं अमेरिकन वैमानिकांकडून वदवून घेतलं होतं. म्हणजे खोटं बोलवायला बनवलेली पद्धत घेतली आणि तिच्यातून खरं निघेल अशी अपेक्षा ठेवली, आणि त्यांच्या कंपनीला ८१ मिलियन डॉलर दिले.

याउलट अली सुफान. एफबीआयचा एजंट, मूळचा लेबनॉनचा, अरबी त्याची मातृभाषा. अबू झुबैदा २००२ मध्ये फैसलाबादला गोळ्या लागून पकडला गेला तेव्हा सुफान आणि त्याच्या साथीदाराने त्याची मलमपट्टी केली, ओठांना बर्फ लावला, आणि बोलता बोलता झुबैदानेच फोटो बघून सांगितलं की ९/११ मागचा 'मुख्तार' या टोपणनावाचा माणूस म्हणजे खालिद शेख मोहम्मद. वॉटरबोर्डिंग त्याच्यानंतर कित्येक महिन्यांनी झालं. येमेनमध्ये लादेनचा जुना बॉडीगार्ड चहाबरोबरची बिस्किटं खात नव्हता, सुफानच्या लक्षात आलं की याला डायबिटीस आहे, दुसऱ्या वेळी बिनसाखरेची बिस्किटं आणली आणि तिथून त्याचं तोंड उघडलं. हे प्रेमाने झालं असं मी म्हणत नाहीये. सुफानला विषयाची इतकी माहिती होती की समोरच्याला वाटायचं याला सगळं ठाऊकच आहे, खोटं बोलून काय उपयोग. त्यासाठी भाषा यावी लागते, महिनोन्महिने अभ्यास लागतो, संयम लागतो. पट्टा उचलायला यातलं काहीच लागत नाही.

आता आपल्याकडे या. ७/११ च्या, म्हणजे त्या लोकल स्फोटांच्या केसमध्ये एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) १३ जणांवर खटला चालवला, बहुतेकांचे मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली डीसीपींसमोर कबुलीजबाब झाले. २०१५ मध्ये १२ जण दोषी, पाच जणांना फाशी. आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने सगळ्या बाराही जणांना सोडलं. कोर्टाने म्हटलं की कन्फेशनमधले भाग एकमेकांवरून उचलल्यासारखे सारखे आहेत आणि छळ झाल्याचं दिसतंय. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, तिथे काय व्हायचं ते होईल, सध्या तरी ते पुन्हा आत गेलेले नाहीत. एक जण तर निकाल यायच्या आधीच २०२१ मध्ये जेलमध्ये कोविडने वारला. मध्ये २००८ साली क्राइम ब्रँचने इंडियन मुजाहिदीनची माणसं पकडली तेव्हा त्यातल्या एकाने जबाबात सांगितलं होतं की लोकलचे स्फोट आम्ही केले, मग कोर्टात तो त्यावरून फिरला. एकच स्फोटमालिका, एकाच राज्यातल्या पोलिसांच्या दोन शाखा, दोन वेगवेगळ्या कबुल्या. यातली खरी कुठली? कबुलीवरून ते कळूच शकत नाही, हेच तर मी सांगतेय. मार खाल्लेला माणूस फाइलमध्ये जे आधीपासून लिहिलंय तेच बोलतो, साहेबांना वाटतं केस सुटली, आणि दुसरीकडे शोधायचं थांबतं. बॉम्ब ठेवणारा खरंच कोणी दुसरा असेल तर त्याला आपण एकोणीस वर्षं मोकळं सोडलंय.

एक मान्य करते. चोरीच्या केसमध्ये मार खाऊन माल निघतो, पोलिसांतले लोक सांगतात आणि ते खोटं नाही. माल कुठे पुरलाय हे खणून लगेच बघता येतं. पण पुढचा हल्ला कुठे, पैसे कोणी पाठवले, वर कोण बसलंय, हे खणून बघता येत नाही, ते पडताळायला महिने जातात. आणि "बॉम्बचं घड्याळ चालू असेल तर काय कराल" असं विचारणाऱ्यांनी हा विचार करावा की त्या वेळी अतिरेक्याला फक्त एक चुकीचा पत्ता द्यायचा असतो. तेवढ्यात वेळ संपते.

२६/११ चंच बघा ना. कसाबला फाशीपर्यंत नेलं ते सीसीटीव्ही, सीएसटीवरचे फोटो, साक्षीदार, डीएनए, पाकिस्तानातून येणाऱ्या फोनचं रेकॉर्डिंग या सगळ्याने, आणि तो जिवंत हाती लागला तुकाराम ओंबळेंमुळे. कटाच्या आतली माहिती मात्र खूपशी आली हल्ल्याआधी मुंबईची रेकी करणाऱ्या डेव्हिड हेडलीकडून. त्याने अमेरिकेत प्ली बार्गेन केलं, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षेत सवलतीचा सौदा, फाशी नाही आणि भारतात पाठवणार नाही या अटीवर. २०१० मध्ये आपली एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) शिकागोला जाऊन त्याच्याशी ३४ तास बोलली, २०१६ मध्ये त्याने व्हिडिओवरून मुंबईच्या कोर्टात साक्ष दिली, रेकी कशी केली, लष्कर-ए-तोयबामधलं कोण, आयएसआयमधलं कोण, नावांसकट. अंगाला बोटही न लावता. तो फाशीतून सुटला याचा मलाही प्रचंड संताप आहे आणि तो जाणार नाही. पण माहिती हवी होती की सूड, हे त्या वेळी कोणीतरी ठरवलं, आणि माहिती मिळाली.

सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्येच सांगितलंय की प्रत्येक पोलीस स्टेशनात, लॉकअपमध्ये, एनआयएसारख्या एजन्सीच्या चौकशीच्या खोल्यांतसुद्धा आवाजासकट रेकॉर्ड करणारे कॅमेरे लावा आणि रेकॉर्डिंग अठरा महिने जपा. पुढच्या वेळी कमेंटमध्ये काही मागायचंच असेल तर हे मागा. मी आमच्या भागातल्या पोलीस स्टेशनसाठी माहिती अधिकारात अर्ज टाकतेय, किती कॅमेरे लागले, किती चालू आहेत, रेकॉर्डिंग किती दिवसांचं आहे. कोणाला आपल्या भागासाठी टाकायचा असेल तर कमेंटमध्ये सांगा, मसुदा देते.