फोर्डचं काम बघा म्हणता? बघूया

आमच्या इंजिनिअरांच्या ग्रुपवर हेन्री फोर्डचा एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. आपल्या मॉडेल टी गाडीशेजारी उभा फोर्ड, खाली मजकूर: ‘फोर्ड ज्यूद्वेष्टा होता हा अपप्रचार आहे. ते लेख त्याने लिहिलेच नव्हते. त्या काळी सगळेच तसं बोलायचे. त्याचे ज्यू मित्र होते. शेवटी त्याने माफीही मागितली. माणसाचं काम बघा, मतं काय घेऊन बसलात?’

काम मला ठाऊक आहे. गाडीची चासिस, म्हणजे सांगाडा, जोडायला बारा तास लागायचे, ते या माणसाने दीड तासावर आणलं. नव्या पोरांना हे मी स्वतः फळ्यावर आकृती काढून सांगतो. पण मेसेजमधलं बाकीचं तपासून बघू.

ज्यूंविरुद्धचे ते लेख त्याने लिहिले नव्हते हे खरंच आहे. लिहिणारे पगारी होते, मुख्यतः विल्यम कॅमेरॉन. पण ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ हे साप्ताहिक विकत घेतलं फोर्डने, त्यात ‘मिस्टर फोर्ड यांचं पान’ असायचं आणि वर्गणीदार मिळवायचं काम फोर्डच्या डीलरांच्या गळ्यात मारलं होतं. गाडी विकणाऱ्यानेच पेपरही खपवायचा. २२ मे १९२० पासून दीड वर्षाहून जास्त काळ त्यात ज्यूंविरुद्धची मालिका चालली. काय येतंय याची कुणकुण लागताच आधीचा संपादक एडविन पिप राजीनामा देऊन बाहेर पडला. म्हणजे ऑफिसातल्या माणसाला कळत होतं, मालकाला तेवढं कळत नव्हतं?

मालक स्वतःच्या तोंडानेही बोलला आहे. ज्यूंच्या जागतिक कटाचा ‘पुरावा’ म्हणून ‘प्रोटोकॉल्स’ नावाचं बनावट बाड तेव्हा फिरत होतं. फेब्रुवारी १९२१ मध्ये एका वार्ताहराने विचारलं, तेव्हा फोर्ड म्हणाला की जगात जे चाललंय त्याच्याशी ते जुळतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने उताऱ्याशेजारी उतारा छापून दाखवून दिलं की ते बाड तिसऱ्या नेपोलियनवरच्या एका जुन्या फ्रेंच उपहासातून उचललेलं आहे. फोर्डची मालिका त्यानंतरही जानेवारी १९२२ पर्यंत चालूच राहिली.

‘त्या काळी सगळेच’ यातले सगळे म्हणजे नेमके कोण? जानेवारी १९२१ मध्ये ११९ नामवंत अमेरिकनांनी या प्रचाराविरुद्ध जाहीर पत्रक काढलं. सगळे बिगरज्यू. त्यात वुड्रो विल्सन आणि टाफ्ट, म्हणजे एक विद्यमान राष्ट्राध्यक्ष आणि एक माजी. तेही त्याच काळातले.

ज्यू मित्र होते, कबूल. त्याचे कारखाने उभारणारा आर्किटेक्ट आल्बर्ट कान ज्यू होता. आणि डेट्रॉइटचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, लिओ फ्रँकलिन तर जुने शेजारी. फोर्ड त्यांना दरवर्षी नवी गाडी भेट द्यायचा. १९२० मध्ये मालिका सुरू झाल्यावर रब्बींनी गाडी परत पाठवली. तर फोर्डने फोन करून विचारलं, आपल्यात काही बिनसलंय का? मला या सगळ्या प्रकरणात हा फोन सगळ्यात भयंकर वाटतो. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. शेजारचे रब्बी चांगले, बाकी ज्यू कटवाले, असे दोन कप्पे त्याच्या डोक्यात सुखाने नांदत होते.

आता माफी. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभारणारा ज्यू वकील आरॉन सपायरो याने फोर्डवर दहा लाख डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९२७ मध्ये फोर्डच्या साक्षीची वेळ आली आणि नेमका त्याच्या गाडीला अपघात झाला. खटला रद्द झाला, मग जुलैमध्ये माफीनामा आला. तो लिहिला लुई मार्शल या ज्यू नेत्याने, खाली फोर्डची सही ठोकली त्याच्या हॅरी बेनेट नावाच्या माणसाने. वर्षअखेर पेपर बंद झाला, हे फोर्डच्या खात्यावर जमा धरू. १९४२ मध्ये त्याने पुन्हा एक निषेधाचं पत्र दिलं, तेही धरू. पण मधल्या ३० जुलै १९३८ चं काय? पंचाहत्तराव्या वाढदिवशी हिटलरच्या सरकारने दिलेलं जर्मन गरुडाचं पदक त्याने छातीवर लावून घेतलं. परत कर म्हणून ओरड झाली. केलं नाही.

राहिलं ‘काम बघा, मतं सोडा’. हिटलर युथ या नाझींच्या तरुण संघटनेचा प्रमुख बाल्डुर फॉन शिराख याने १९४६ मध्ये नाझी नेत्यांवर खटला चालला त्या न्यूरेंबर्गच्या कोर्टात सांगितलं की आपण ज्यूद्वेष्टे झालो ते फोर्डच्या त्या लेखांचं जर्मन पुस्तक वाचून. कोवळ्या वयात त्याचा एवढा पगडा का बसला, हेही त्याने सांगितलं: त्या पोरांच्या लेखी फोर्ड म्हणजे यश होतं.